ताम्रमुखाची कल्हई

एका राज्यात ऊन पडेनासे झाले होते. सकाळ होई ती राखाडी, संध्याकाळ होई ती काळी, आणि मधली दुपार कोणती हे लोकांनी एकमेकांना विचारून ठरवावे. लहान मुलांना सावली म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागे. एक-दोन पिढ्या गेल्या की त्या राज्यात असे होत असे. त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते आणि उपायही ठाऊक होता. त्या उपायाची किंमत कुणी मोजली, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हते, आणि कुणी विचारलेही नव्हते.

फार पूर्वी तिथल्या एका राजाने डोंगरातला तांब्याचा खजिना खणून काढला. खजिना काजळ्या मांत्रिकाचा होता. राजाने त्या तांब्याचा मुखवटा घडवला. जो तो घालील त्याच्या अंगी शंभर हत्तींचे बळ येई. काजळ्याने तांब्याला शाप दिला आणि राज्यावर तीन संकटे सोडली. मग कुणी एक वीर मुखवटा घाली, संकटे निवारी, आणि नाहीसा होई. पुढे कधीतरी काजळ्या आपल्याच राखेतून पुन्हा उठे. त्या वीराला लोक ताम्रमुख म्हणत. ताम्रमुखाला नाव विचारू नये, अशी रीत होती. कुणी विचारले असते तर पुष्कळ दुःख टळले असते. पण रीत म्हणजे रीत.

राजधानीतल्या तांबटआळीत हैबती नावाचा कल्हईवाला राही. नाव हैबती, पण मांजर आडवे आले तर हा थांबून मांजराला आधी जाऊ देई. चारचौघांत उभा केला तर बघणाऱ्याला चार माणसांत तीनच दिसावीत, असा तो. आवाज मात्र त्याला देवाने उरलेल्या सगळ्या मालातून दिला होता. सकाळी तो आळीत "भांड्यांना कल्हईऽऽऽ" अशी हाळी देई, तेव्हा तीन आळ्या पलीकडची झोपलेली माणसे कूस बदलत.

त्याची बायको भिवरा भात्यावर बसे. भट्टीच्या अल्याड ती, पल्याड तो. ती निखारे फुलवी, तो सांडशीत भांडे धरून फिरवी, नवसागर टाकी, कथील लावी, कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवी. भांडे पाण्यात बुडवून चर्र झाले, की तो त्याचे तोंड भिवराकडे वळवी. ती आत डोकावे. आपले नाक त्यात स्वच्छ दिसले की म्हणे, "हं." त्या 'हं'शिवाय त्या घरातून एकही भांडे बाहेर गेले नव्हते.

भिवरा नवऱ्याचे नाव घेत नसे. सणासुदीला बायकांनी अडवले तरच, आणि तेही एकाच उखाण्यात:

"तांब्याच्या घंगाळात नवसागराचा धूर,
हैबतरावांचं नाव घेते, भाता करतो कुरकुर."

हैबतीचा आणि रावपणाचा एरवी काही संबंध नव्हता. पण उखाणा झाला की दोन दिवस तो जरा तोऱ्यात चाले.

एके दिवशी राजाचा भालदार आला. त्याने रेशमी रुमाल सोडून तांब्याचा मुखवटा भट्टीशेजारी ठेवला.

"महाराजांची आज्ञा," भालदार म्हणाला. "उद्या नवा वीर निवडायचा आहे. बाहेरून कल्हई कर. चांदीसारखा चमकला पाहिजे. आत पाहू नकोस."

"आतून नको?"

"आत पाहण्याची रीत नाही."

भालदार गेला. हैबती मुखवट्याकडे बघत बसला. त्याला चैन पडेना.

"अगं, कल्हई आतून करतात. जे पोटात जायचं, ते भांड्याच्या आत असतं. बाहेरून करून घेणारं गिऱ्हाईक आजच बघतोय."

"राजा आहे तो. सांगितलं तेवढं करा."

"आणि भोक असलं तर?"

आता कल्हईवाल्यांची एक खोड असते. भांडे भट्टीवर चढवण्याआधी ते डोक्यावर पालथे घालायचे आणि उजेडाकडे तोंड करायचे. आत काळोख होतो आणि सुईच्या टोकाएवढे भोकही चांदणीसारखे दिसते. हैबतीने जन्मभर पातेली, घंगाळे, हंडे असेच तपासले होते. त्याच्या हाताला दुसरी सवय नव्हती.

"अहो, डोकं घालू नका त्यात," भिवरा म्हणाली.

"घालत नाही. भोक बघतो फक्त."

आणि त्याने घातले.

त्याला दोन भोके आणि एक फट दिसली. भोके डोळ्यांची होती, फट तोंडाची. बाकी भांडे शाबूत होते. तसे सांगायला तो वळला आणि मुखवटा काढू लागला, तर मुखवटा निघेना. भिवराने ओढला. शेजारणीने तेल ओतले. शेवटी भिवराने त्याच्या छातीला पाय लावून ओढला, तेव्हा हैबती उठून उभा राहिला आणि छपरातून आरपार वर गेला. शंभर हत्तींचे बळ अंगात आले होते, आणि ते कुठे किती लावायचे ते त्याला ठाऊक नव्हते.

तो खाली आला तो आळीच्या टोकाला, शेणाच्या ढिगात. तिथे लिंबाच्या फांदीवर एक कोतवाल पक्षी बसला होता, काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा.

"मी या मुखवट्याचा पहारेकरी," पक्षी म्हणाला. "ज्याने घातला, तो वीर."

"मी कल्हईवाला आहे."

"ते मुखवट्याने विचारलेले नाही. तीन कामे आहेत. नदीत पाषाणराक्षस निजला आहे, त्याला उठव. बिनडोक्याचा घोडेस्वार माणसे नेतो आहे, त्याला पाड. काजळ्याचा दिवा आभाळात काजळी सोडतो आहे, तो विझव. मग मुखवटा गळून पडेल."

"आणि शाप?"

"पहिले काम झाले की तुला ओळखणाऱ्यांच्या मनातून तुझे नाव जाईल. दुसऱ्याने तुझा आवाज. तिसऱ्याने तुझा चेहरा, आणि त्यासोबत तू. घरी बसलास तर यातले काही होणार नाही. मुखवटा निघणार नाही आणि राज्य काळोखात बुडेल."

त्यांत हैबतीला पर्वा होती ती एका भिवराची. त्याने बराच विचार केला. नाव ती तसेही घेत नव्हती. एवढ्यात भागले तर बघू, असे त्याला वाटले. भित्री माणसे मोठ्या गोष्टीत शिरतात ती अशीच, एवढ्यात भागेल म्हणत.

राजाने त्याला पाहिले आणि निराशा लपवली. निवडीसाठी तालमीतले सात गडी रांगेत उभे होते. पण मुखवटा चढला होता, तेव्हा इलाज नव्हता. राजाने लाल झूल दिली. ती हैबतीला लांब झाली, आणि दरबाराच्या पायऱ्या उतरताना तो तिच्यात पाय अडकून तीन वेळा पडला. लोकांनी त्याला वीरांची पद्धत समजून जयजयकार केला.

पहिल्या कामाला तो नदीवर गेला. राक्षस पात्रात आडवा झाला होता आणि खालच्या गावांत विहिरी आटल्या होत्या. पराक्रमाआधी वीराने गर्जना करावी अशी रीत. हैबतीने छाती भरून घेतली. त्याला जन्मात एकच गर्जना येत होती.

"भांड्यांना कल्हईऽऽऽ!"

राक्षसाने एक डोळा उघडला. "माझ्या आईचे पातेले आहे," तो म्हणाला. "कल्हईवाचून हजार वर्षे कळकते आहे. त्यातले खाऊन मला गुंगी आली."

"घेऊन ये."

राक्षस पातेले आणायला उठला आणि नदी वाहू लागली. हैबतीने डोंगराच्या कुशीत भट्टी लावली, एका उपटलेल्या झाडाला कापूस बांधला आणि पातेल्याला कल्हई केली. राक्षस पातेले डोक्यावर घेऊन आईकडे निघून गेला. काठावरचे लोक आनंदाने "कल्हईऽऽऽ" ओरडत नाचले. तो एखादा मंत्र असावा, असे त्यांना वाटले.

हैबती घरी आला तेव्हा भिवराने त्याला जेवायला वाढले. मुखवट्याच्या तोंडाच्या फटीतून ती एकेक घास सारत होती. "अहो, सावकाश," ती म्हणाली. हैबतीला बरे वाटले. काही गेले नाही, असे त्याला वाटले. मग न राहवून तो म्हणाला, "अगं, आपला तो उखाणा घे की."

"आत्ता? बाई गं." पण ती हसली. "तांब्याच्या घंगाळात नवसागराचा धूर..." आणि ती थांबली. पुन्हा म्हणाली, "नवसागराचा धूर..." तिचा घास धरलेला हात तसाच राहिला. "अहो, पुढं काय?"

हैबती रडला. मुखवट्यात रडू पुसता येत नाही, ते हनुवटीशी साचते. मग त्याने तिला सगळे सांगितले.

भिवराने सगळे ऐकून घेतले. "नका जाऊ," ती म्हणाली. थोड्या वेळाने आळीतून टापा गेल्या, आणि समोरच्या घरातली सुईण उंबरठ्यावरून नाहीशी झाली. तिची वेताची पाटी तेवढी दारात राहिली. भिवराने ती पाटी उचलून आत ठेवली. ती येऊन भट्टीपाशी बसली.

"जा," ती म्हणाली. "आवाज गेला तर गेला. भात्यावर बसून तुमच्याकडं बघण्यात माझा जन्म गेलाय. मी ओळखेन."

घोडेस्वार माळावर भेटला. त्याला डोके नव्हते, म्हणून तो माणसे नेऊन त्यांची डोकी लावून बघत होता, कुठले बसते का. या लढाईत गंमत काहीच नव्हती. हैबतीने त्याला मिठी मारून घोड्यावरून ओढले आणि मोडेपर्यंत सोडले नाही. मोडताना स्वाराच्या छातीतून एक लहान आवाज आला, हरवलेल्या माणसाचा असतो तसा. नेलेली माणसे माळावर उठून बसली, डोकी आपापल्या जागी. सुईण आपली पाटी शोधू लागली. हैबती गवतावर ओकला, आणि मुखवट्यात ओकणे किती वाईट ते सांगून उपयोग नाही.

तो घरी आला. दाराला कडी होती.

"अगं, उघड."

"कोण?"

"मीच."

"माझे हे घरी नाहीत," आतून भिवरा म्हणाली. "ते आले की या." मग तिने फटीतून पाहिले, तांब्याचा मुखवटा दिसला, पण तो कुणी घातला होता हे आवाजासोबतच तिच्या मनातून गेले होते, आणि तिने बाहेर येऊन त्याच्या पाया पडून म्हटले, "वीरा, तुमच्या वाटेत कुठं माझा नवरा दिसला तर त्याला घरी धाडा. भित्रा आहे तो. काळोखात फार वेळ राहायचा नाही."

हैबतीने आपले हात पुढे केले. बोटांवर नवसागराचे पांढरे डाग होते. भिवराने त्या हातांवर घरातली भाकरी ठेवली आणि दार लावून घेतले.

काजळ्याचा दिवा राज्याच्या सीमेवर, खणलेल्या डोंगराच्या पोटात होता. दिव्यातून उजेडाऐवजी काजळी निघे. मांत्रिक त्याच्यापाशी उकिडवा बसला होता. तो म्हातारा होता आणि थकलेला दिसत होता.

"विझवू नकोस," काजळ्या म्हणाला. "मी मुखवटा उतरवतो. तिचे गेलेले सगळे परत देतो. आत्ता, इथे."

"आणि राज्य?"

"ते तुझे कोण लागते?"

हैबतीने विचार केला. राज्य आपले नक्की कोण लागते, हे त्याला कधी कुणी सांगितले नव्हते.

"गिऱ्हाईक," तो म्हणाला.

"गिऱ्हाइकासाठी बायको सोडतोस?"

"तीही याच काळोखात बसलीय." परत फिरावे असे त्याला फार वाटले, हे मी लपवणार नाही. तो खरेच दोन पावले मागे गेला. मग त्याला दारातली ती पाटी आठवली, आणि भिवराने ती कशी उचलली ते आठवले.

"फुंक तर मग," काजळ्या हसला. "बाहेरचा उजेड तुमचा. आतला काळोख माझाच राहील. तो आहे तोवर मीही आहे."

हैबतीने फुंकर मारली. दिवा विझला, काजळ्याची राख झाली, आणि डोंगराच्या तोंडातून ऊन आत आले. मुखवटा गळून दगडावर खणकन पडला. हैबतीने डोळे मिटून तोंडावर ऊन घेतले. ते उबदार होते. त्याला त्यात आनंद वाटला नाही.

कोतवाल पक्षी दगडावर उतरला. "माझे काम झाले. मुखवटा राजवाड्यात पोचेल. तू वेशीवर जागा बघ."

"वेशीवर का?"

पक्षी उडून गेला.

राजधानीच्या वेशीवर भिकारी बसत. ते कुठले, कोणाचे, कुणालाच ठाऊक नव्हते. हैबती तिथे पोचला तेव्हा शहरात गुढ्या उभ्या होत्या. त्याने एका ओळखीच्या तांबटाला हाक मारली. तांबटाने त्याच्या हातावर चिमूटभर फुटाणे ठेवले. त्याने छाती भरून आपली हाळी दिली. रस्त्यावरच्या शंभर माणसांनी तीच हाळी आनंदाने परत दिली. ती आता ताम्रमुखाची गर्जना होती, सगळ्या राज्याची होती.

एक फार म्हातारा भिकारी आपल्या गोणपाटावर सरकला. "बैस," तो म्हणाला. "तुझ्या वेळी राक्षस कुठे होता?"

"नदीत."

"माझ्या वेळी तळ्यात होता." म्हाताऱ्याने ओळीने बसलेल्या माणसांकडे हात केला. "याच्या वेळी खिंडीत. त्याच्या वेळी राजाच्या विहिरीत. चेहरा गेला की वयही तिथेच थांबते."

हैबतीने त्या ओळीकडे पाहिले आणि तो खाली बसला.

रीतीप्रमाणे मुखवटा पुढच्या संकटासाठी ठेवून द्यायचा होता, आणि ठेवण्याआधी त्याला चमक द्यायची होती. भालदार तो रुमालात बांधून तांबटआळीत घेऊन गेला. घरात भिवरा एकटी होती. भट्टीच्या पल्याड एक रिकामा पाट होता. तो कुणाचा, ते तिला सांगता येईना, आणि उचलून ठेवायला गेली की तिचे हात थांबत. कल्हई एकट्याने होत नाही. ती वेशीवर आली.

"कुणाला सांडशी धरता येते का?"

हैबती उठला.

"दादा, तुम्हाला येते?" भिवराने विचारले.

तिच्या तोंडचा 'दादा' हैबतीला घोडेस्वाराच्या छातीतल्या त्या आवाजापेक्षा खोल लागला. तो म्हणाला, "येते, बाई."

तो आपल्या पाटावर बसला. भिवराने भाता ओढला. दोघांचे हात न सांगता एका लयीत चालू लागले, पण तिने मान वर केली नाही. बाहेरची बाजू चकचकीत झाली. मग हैबतीने मुखवटा उलटा केला. आत हिरवा जंग जाड साचला होता, आणि त्यातून कुजबुज ऐकू येत होती, खूप माणसे एकदम आपापले नाव सांगत असावीत तशी.

"आत नको," भिवरा म्हणाली. "राजाची आज्ञा आहे."

"कल्हई आतून करतात, बाई."

नवरा भिवराच्या मनातून गेला होता, पण एवढी गोष्ट तिच्या हाडात होती. तिने भाता जोरात ओढला.

हैबतीने वाळूने जंग घासला. नवसागर टाकला तेव्हा पांढरा धूर उठला आणि त्या धुरात कुणीतरी किंचाळले. तो काजळ्या होता. मुखवटा सांडशीतून उडू पाहत होता. हैबतीने तो दोन्ही हातांनी धरला. त्याचे तळवे चरचरले. शंभर हत्तींचे बळ आता नव्हते, तरी त्याने सोडला नाही. "कथील लाव!" तो ओरडला. भिवराने कथील लावले, कापूस घेतला आणि डोळ्यांच्या भोकांपर्यंत, हनुवटीच्या खोबणीपर्यंत झरझर फिरवला. किंचाळी बारीक होत थांबली. हैबतीने मुखवटा पाण्यात बुडवला. चर्र झाले.

आणि सवयीने, काही मनात न धरता, त्याने मुखवट्याची आतली बाजू भिवराकडे वळवली.

भिवराने डोकावून पाहिले. तिला आपले नाक दिसले नाही. आत चेहरे होते, एकामागे एक, म्हातारे आणि तरुण. ते एकेक करून कल्हईतून वर आले आणि दारातून बाहेर निघून गेले. सगळ्यांत शेवटी एक चेहरा आला, चारचौघांत दिसू नये असा. तो गेला नाही. भिवरा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली.

"तरी म्हणत होते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "डोकं घालू नका त्यात."

हैबती भाजलेले हात तसेच पुढे धरून हसू लागला आणि हसता हसता रडला.

त्या दिवशी वेशीवर आरडाओरड झाली. एका घरातून म्हातारी बहीण धावत आली, एका घरातून पांढऱ्या केसांचा मुलगा आला आणि आपल्याहून तरुण दिसणाऱ्या बापाला बिलगला. काहींसाठी कुणी आले नाही. त्यांना ओळखणारे केव्हाच मरून गेले होते, आणि उतरलेला शाप त्यांना परत आणू शकत नव्हता. तळ्यातल्या राक्षसाला उठवणारा म्हातारा गोणपाटावर तसाच बसून होता. भिवराने त्याचे नाव विचारले. कुणी विचारल्याला किती काळ झाला, ते आठवायलाच त्याला वेळ लागला. मग तो म्हणाला, "सोनबा." भिवरा त्याला हाताला धरून घरी घेऊन आली.

काजळ्या पुन्हा उठला नाही. मुखवटा राजवाड्यात गेला, आणि कुणीही तो घालावा आणि काढावा असे साधे तांबे होऊन राहिला. राजाने जुनी रीत मोडली. भर दरबारात त्याने हैबतीला समोर उभे केले आणि भालदाराला खूण केली.

"वीरा," भालदाराने विचारले, "तुझे नाव काय?"

हैबती भित्राच होता. एवढे लोक बघून तो थोर आवाजाचा माणूस भालदाराच्या मागे सरकला. दरबार वाट बघत राहिला. तेव्हा मागच्या बायकांतून भिवरा पुढे आली. सण नव्हता, कुणी अडवले नव्हते. तिने पदर सावरला आणि राजासमोर खणखणीत म्हटले:

"तांब्याच्या घंगाळात नवसागराचा धूर,
हैबतरावांचं नाव घेते, भाता करतो कुरकुर."

बाहेर ऊन पडले होते. दोघे घरी गेले, आणि हैबती दोन दिवस तोऱ्यात चालला.